चारबाग ते चौक

एखाद्या शहराची ओळख तेथील अन्नावरून करून घ्यावी, ही रीत जुनी आहे. मात्र या ओळखीचा आरंभ कोठून करावा, याचा विचार क्वचितच केला जातो. लखनौच्या बाबतीत तर हा प्रश्न सुटल्यासारखाच मानतात. लखनौचे अन्न म्हणजे चौक, आणि चौक म्हणजे गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंतची ती चिंचोळी, गजबजलेली वाट, असे समीकरण पक्के झालेले आहे. त्याला अमीनाबादची जोड मिळते आणि हजरतगंजचा उल्लेख सौजन्यापुरता होतो. चारबागचे नाव या वर्णनांत आलेच, तर चौकाकडे जाणारी रिक्षा कोठे मिळते एवढे सांगण्यासाठी येते. वास्तविक आगगाडीने या शहरात येणाऱ्या अनेकांच्या पोटात लखनौचा पहिला घास जातो तो चारबागेतच. पण तो घास लखनौचा म्हणून मोजला जात नाही.

असाच एक मराठी प्रवासी काही वर्षांपूर्वी डिसेंबरातील एका धुकट सकाळी पुष्पक एक्स्प्रेसने लखनौस उतरला. मुंबईहून आदल्या सकाळी सुटलेली ही गाडी भुसावळ, भोपाळ, झाशी, कानपूर असे टप्पे घेत लखनौ जंक्शनवर येऊन थांबते. या स्थानकाला शहरातील लोक अजूनही ‘छोटी लाइन’ म्हणतात. लहान रुळांच्या गाड्या गेल्या, नाव मागे राहिले. त्याला लागूनच चारबागची ती प्रसिद्ध वास्तू, म्हणजे ‘बडी लाइन’. प्रवाशाच्या खिशात आठ नावांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे मोहल्ला लिहिलेला होता. टुंडे, रहीम, मुबीन आणि इदरीस ही चार नावे चौक व त्याच्या आसपासची. रामआसरेची मिठाईही तिकडचीच. प्रकाशची कुल्फी अमीनाबादची. शर्मांचा चहा लालबागेतला आणि रॉयल कॅफे हजरतगंजमधले. दररोज एक मोहल्ला पाहावा, त्याची खाद्यगृहे पाहावीत, आणि आठवड्याच्या अखेरीस शहर वाचून झाले असे म्हणावे, असा साधा बेत होता.

यादी मन लावून केलेली होती, पण तीत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे तीत चारबाग नव्हते. दुसरी अशी की, यादी करणारा माणूस माळकरी घरातला होता. गळ्यातील माळ त्याने विद्यार्थिदशेतच उतरवली होती. मांसाहार वर्ज्य मानण्याला त्याच्यापाशी आता कोणतेही तात्त्विक कारण उरले नव्हते. तरीही हात पुढे होत नसे. आठांपैकी चार दुकानांत तो केवळ उभा राहू शकणार होता. भाषा येत नसताना एखाद्या वाङ्मयाचा इतिहास वाचावा, तसा काहीसा हा प्रकार होता.

चारबाग हे मुळात बागेचे नाव. नवाबी काळातील ही बाग शहराच्या दक्षिण वेशीवर होती. २५ सप्टेंबर १८५७ रोजी हॅवलॉक आणि आउट्रम यांची फौज आलमबागेकडून आली, ती येथील कालव्यावरचा पूल लढून ओलांडूनच शहरात शिरली. स्थानकाच्या वास्तूची पायाभरणी १९१४ साली झाली आणि पुढील दशकात ती पुरी झाली. घुमट, छत्र्या, कमानी यांची गर्दी असलेली ही इमारत पाहून एखाद्या संस्थानिकाचा वाडा चुकून रुळांजवळ आला असे वाटावे. आत गाडीची शिट्टी झाली तरी बाहेर पोर्चमध्ये ऐकू येत नाही, असे लखनौकर अभिमानाने सांगतात. ऐकणारा मान डोलावतो. शिट्टी त्यालाही ऐकू आलेली असते.

मराठी वाचकाला लखनौ स्थानकाचा विचार १९१६ सालाशिवाय करता येत नाही. सुरतेच्या फुटीनंतर टिळक पुन्हा काँग्रेसच्या मांडवात आले ते त्या वर्षीच्या डिसेंबरात, लखनौच्या अधिवेशनात. शहरातील तरुणांनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढली, याचे वर्णन रामप्रसाद बिस्मिल यांच्या आत्मचरित्रात आहे. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील करार याच अधिवेशनाच्या वेळी झाला, आणि गांधी व जवाहरलाल यांची पहिली भेटही त्याच सुमारास. येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या दिवसांत दोन समाजांचे पुढारी लखनौत करारावर एकमत करीत होते, त्याच काळात उत्तर हिंदुस्थानातील रेल्वेस्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगवेगळे पुकारे होत असत, आणि दोन पाण्यांचे दोन पाणके असत. हिंदू म्हणविणाऱ्या पाण्यावरही सर्व हिंदूंचा हक्क नव्हता. महाडचे चवदार तळे १९२७ साली त्यासाठीच इतिहासात आले. प्रवेशद्वारावरचे आतिथ्य निष्पाप असते असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही. भुकेल्या-तहानेल्या माणसाला तेथेच प्रथम त्याची जात विचारली जात असे.

आजच्या चारबागेत तो प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. स्थानकासमोरचा रस्ता ओलांडला की पुरी-भाजीच्या गाड्या आणि दुकाने सुरू होतात. मोठ्या कढईत पुऱ्या फुगत असतात. दुसऱ्या पातेल्यात हिंगाच्या वासाची, पातळ रश्श्याची बटाट्याची भाजी रटरटत असते. द्रोणात भाजी, त्यावर चार पुऱ्या, बाजूला तळलेली मिरची, मागितल्यास जिलबी आणि शेवटी कुल्हडमधला चहा. पलीकडे खस्ता, छोले-भटुरे, कोठे बाटी-चोखा, कोठे अंड्याचे ऑम्लेट. या दुकानांचे गिऱ्हाईक पाहण्यासारखे असते. लखनौ ही राजधानी. उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे, सचिवालय येथे, मोठी रुग्णालये येथे. त्यामुळे बाकावर बसलेल्यांपैकी कोणाच्या मांडीवर एक्स-रेचे पाकीट असते, कोणाच्या काखेत खटल्याचे कागद, तर कोणी परीक्षेला आलेला मुलगा एका हाताने पुरी मोडीत दुसऱ्या हातातले टिपण वाचीत असतो. गाडीवरून उतरलेले आणि गाडीला निघालेले असे दोन्ही लोक एकाच बाकावर असतात. मराठीत ‘खाणावळ’ हा शब्द आहे. त्यात महिन्याचा हिशेब, ठरलेली जागा आणि ओळखीचा वाढपी गृहीत असतो. मुंबईच्या गिरणगावात घरोघरी खाणावळी चालविणाऱ्या बायकांना एकत्र आणून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, ते या ओळखीच्याच बळावर. चारबागेतील बाकावर अशी ओळख नाही. येथे खाणारा बहुधा पुन्हा येणार नसतो, आणि वाढणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तरी भाजी संपली तर दुसऱ्यांदा द्रोणात पडते.

प्रवाशाने तेथे पुरी-भाजी खाल्ली. चार पुऱ्या संपल्यावर आणखी दोन मागितल्या. पण यादीत त्याने काही लिहिले नाही. ती सोय होती, अनुभव नव्हता, असे त्या वेळी त्याला वाटले.

चारबागेच्या शेजारचा मोहल्ला नाका हिंडोला. फाळणीनंतर आलेली पंजाबी आणि सिंधी कुटुंबे या भागात व पलीकडे आलमबागेत स्थिरावली, आणि त्यांच्याबरोबर तंदुरी रोटी, छोले, लस्सी यांची दुकाने आली. जुने लखनौकर या अन्नाकडे काहीसे दुरून पाहतात. ते ‘आपले’ नव्हे, असा सूर असतो. पण निर्वासित माणूस नव्या गावात प्रथम जे उभे करतो ते बहुधा चुलाणच असते. नाका हिंडोल्याच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. तेथे सर्वांनी एका पंगतीत, जमिनीवर बसायचे. पंगत हा शब्द मराठीला जवळचा. मात्र आपल्या इतिहासातील पंगतींत कोण कोठे बसेल हे आधीच ठरलेले असे, आणि पंक्तिभेद हा शब्दही आपणच घडविला, हे विसरता येत नाही.

तेथून अमीनाबाद दूर नाही. अमजद अली शाहचे वजीर अमीनुद्दौला यांनी वसविलेला हा बाजार आजही खऱ्या अर्थाने बाजार आहे. चिकनकारीचे कपडे, बांगड्या, पुस्तके, अत्तरे आणि अन्न यांच्यात येथे भिंत नाही. १९५६ पासून चाललेले प्रकाशचे कुल्फीचे दुकान येथलेच. शेवयांसारख्या फालुद्यावर केशरी कुल्फीचे काप येतात आणि थंडीच्या दिवसांतही गिऱ्हाईक असते. टुंडे कबाबीची शाखाही येथे आहे. मुख्य दुकानापेक्षा ती मोठी, उजळ आणि अधिक गर्दीची. तव्यावरचा धूर रस्त्यावर येतो आणि बांगड्या घ्यायला आलेली कुटुंबे थबकतात. प्रवासीही थबकला. आत जावे की नाही, या विचारात त्याने शेजारच्या दुकानातून नको असलेला एक रुमाल विकत घेतला.

कैसरबागेत त्याचे पाऊल निराळ्या कारणाने रेंगाळले. वाजिद अली शाहने बांधलेल्या या परिसरात, ज्या परीखान्यात नृत्य-गायनाचे शिक्षण होत असे तेथे, भातखंडे यांनी उभे केलेले संगीतविद्यालय आहे. १९२६ साली मॅरिस कॉलेज या नावाने सुरू झालेल्या या संस्थेचे प्राचार्यपद पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी दीर्घकाळ सांभाळले. आज ते भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. खाद्यगृहांच्या शोधात या ठिकाणाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु लखनौच्या पाककलेचा सर्वात अवघड प्रश्न येथेच नीट समजतो. घराण्यांच्या बंदिशी उस्ताद सहजासहजी देत नसत. त्या हरप्रयत्ने मिळवून भातखंड्यांनी स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांतून सर्वांच्या हाती ठेवल्या. विद्येवरील कुलुपे निघाली, हे त्यांचे मोठेपण. कागदावर सूर उतरला तरी गाणे उतरत नाही, ही उस्तादांची तक्रारही खोटी नव्हती.

अन्नाविषयी लिहिण्याच्या मराठी आणि उर्दू परंपरांत हाच भेद दिसतो. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. पुढे शंभर वर्षे होत आली तेव्हा, १९७० साली, कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे घराघरांत नेली. मराठी पाकलेखनाचा कल प्रमाण सांगण्याकडे आहे. सासरी एकटी पडलेली मुलगी पुस्तक उघडून स्वयंपाक करू शकेल, ही त्यामागची दृष्टी आहे, आणि तीत लोकशाहीचा एक अंश आहे. याउलट अब्दुल हलीम शरर यांचे ‘गुजिश्ता लखनौ’ घ्या. त्यांच्या ‘दिलगुदाज’ मासिकातून १९१३ पासून आलेल्या या लेखांत अन्नाविषयी भरभरून लिहिले आहे, पण कृती म्हणाल तर जवळजवळ नाही. तेथे गोष्टी आहेत. आसफुद्दौलाच्या पदरी एक बावर्ची केवळ उडदाची डाळ करण्यासाठी पाचशे रुपये पगारावर राहिला. डाळ तयार झाल्याची वर्दी मिळताच नवाबांनी जेवायला आले पाहिजे, अशी त्याची अट होती. एके दिवशी नवाब गप्पांत रमले. दोन-तीनदा वर्दी देऊनही उठले नाहीत, तेव्हा बावर्च्याने ते भांडे एका वठलेल्या झाडाच्या मुळाशी रिते केले आणि तो चालता झाला. पुढे त्या झाडाला पालवी फुटली, असे शरर सांगतात. या गोष्टीतून डाळ करता येत नाही. डाळीपुढे नवाबानेही वेळेवर हजर राहावे लागते, एवढे मात्र कळते.

शरर यांच्या लेखनाविषयी आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. १८५६ साली वाजिद अली शाहची गादी गेली आणि तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहिला. बावर्ची, गवई, पतंगबाज सारे मागोमाग गेले. शरर यांचे बालपण व किशोरवय बरेचसे त्या हद्दपार दरबाराच्या सावलीत गेले. लखनौच्या अन्नाचे जे वर्णन आज प्रमाणभूत मानले जाते, ते अशा रीतीने लखनौपासून दुरावलेल्या लखनौची चव चाखलेल्या माणसाने लिहिलेले आहे. त्यात आठवणीचा गोडवा आहे. तो वजा करून वाचावे लागते.

लालबाग आणि हजरतगंज यांविषयी थोडक्यात सांगता येईल. लालबागेत शर्मांच्या चहाच्या दुकानाबाहेर माणसे उभ्याने गोल समोसा आणि पांढऱ्या लोण्याचा बनमस्का खातात; बनमस्का म्हटले की मुंबईकराला इराणी आठवतो, पण येथे टेबल नाही, रस्ता आहे. हजरतगंजमध्ये रॉयल कॅफेची, बटाट्याच्या किसाच्या टोपलीत भरलेली चाट आहे आणि जहांगीराबाद मॅन्शनमध्ये कॉफी हाउस आहे. यशपाल, भगवतीचरण वर्मा, अमृतलाल नागर यांच्यासारखे लेखक तेथे बसत. या मंडळींच्या वादांची आठवण आजही काढली जाते. कॉफी कशी होती हे कोणी सांगत नाही. काही खाद्यगृहे खाण्यासाठी नसतातच.

चौकात जाण्याचे प्रवाशाने शेवटपर्यंत टाळले होते, हे त्याच्या आता ध्यानात आले. पाचव्या दिवशी तो पहाटेच गोल दरवाजाशी पोचला. थंडीत तेथे ‘मक्खन-मलाई’ मिळते. आटवलेले दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस केशर-पिस्ता घालून विकतात. ऊन चढले की तो बसतो, म्हणून व्यवहार सकाळचाच. हा पदार्थ त्याला वर्ज्य नव्हता. तो खाल्ला, म्हणण्यापेक्षा जिभेवरून नाहीसा होताना पाहिला. पुढे रामआसरेची मलई गिलोरी झाली. यादीत दोन खुणा झाल्या. मग वाट अकबरी दरवाजाकडे वळली.

टुंडे कबाबीचे मूळ दुकान याच वाटेवर, १९०५ सालचे. संस्थापक हाजी मुराद अली यांचा एक हात गेलेला होता. हिंदीत टुंडा म्हणजे थोटा. माणसाचे व्यंग दुकानाचे नाव झाले आणि पुढे तेच मानाचे झाले. मसाल्यांची संख्या एकशे साठ सांगतात. मिश्रण घरातच होते आणि बाहेर दिले जात नाही. या कबाबाचे मांस पारंपरिक रीतीने म्हशीचे. मार्च २०१७ मध्ये राज्यात बेकायदा कत्तलखान्यांवर कारवाई सुरू झाली, पुरवठा आटला, आणि चौकातील हे दुकान एक दिवस बंद राहिले. नंतर काही काळ तेथे कोंबडी आणि बकऱ्याच्या मांसाचे कबाब तव्यावर आले. त्या दिवसांत प्रश्न विचारला गेला की, मसाला तोच, तवा तोच, हातही तोच. मग कबाब तोच का? अनुवादाच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटणार नाही. परंतु अनुवादक आपल्या इच्छेने भाषा बदलतो. येथे बदल वरून आला होता, आणि महागडे मांस ज्याला परवडत नाही त्या हमालाच्या व रिक्षावाल्याच्या ताटातून स्वस्त घास गेला होता. लखनौच्या नजाकतीविषयी बोलताना ही किमतीची बाजू सहसा राहून जाते. ज्या दुकानांची ख्याती दूरदूर पसरली, ती मुळात मजुराला सकाळी पोटभर जेवू घालणारी दुकाने होती. निहारी म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजलेले, पहाटे कुलच्याबरोबर खाण्याचे अन्न. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला त्याचा आधार.

अकबरी दरवाजाजवळच्या एका दुकानात प्रवासी शेवटी शिरला. समोर मोठी देग होती, बाजूला तंदूर होता. बाकावर जागा करून देत गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी म्हटले, “तशरीफ रखिए.” त्याने फक्त शीरमाल मागितली. दूध आणि केशर घालून मळलेली ही रोटी. तिचे श्रेय शरर यांनी फिरंगी महालातील महमदू नावाच्या नानबाईला दिले आहे. नुसती शीरमाल मागणारे गिऱ्हाईक तेथे विरळाच असावे. वृद्धाने त्याच्याकडे एकदा पाहिले. कारण विचारले नाही. तंदुरावरच्या मुलाला त्यांनी हळू आवाजात काही सांगितले. मुलाने टोपलीत आधीच रचलेल्या, रश्श्याच्या हाताने हाताळलेल्या शीरमाली बाजूला ठेवल्या; हात धुतले; तंदुरातून नवी शीरमाल काढली आणि ती ताटलीत न ठेवता कोऱ्या कागदावर ठेवून आणली. मागोमाग शेजारच्या दुकानातून गुलाबी काश्मिरी चहा आला. निघताना चहाचे पैसे घेण्यास वृद्धाने नकार दिला. तो चहा आपण मागविला होता, एवढेच ते म्हणाले.

प्रवाशाच्या गावी, त्याच्या आजोळच्या घरात, बाहेरच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असे. घराचे काम करणारा मुसलमान गवंडी आला की त्यातून त्याला चहा मिळे. चहा झाल्यावर तो स्वतःच कप विसळून पालथा घाली. त्या घरात रोज हरिपाठ होत असे. कोणी क्रूर नव्हते. कप वेगळा होता, एवढेच. आणि तो वेगळा का आहे हे विचारण्याचे लहान मुलांना सुचत नसे. चौकातील त्या बाकावर कागदावरची शीरमाल पाहताना त्याला तो कप आठवला. दोन्हीकडे वेगळेपणच पाळले गेले होते. एकीकडे ते पाहुण्याच्या मनाला त्रास होऊ नये म्हणून पाळले गेले. दुसरीकडे पाहुण्यापासून घर राखण्यासाठी. लखनौच्या ज्या तहजीबीची पुष्कळदा थट्टाच होते, तिचा अर्थ ‘पहले आप’ या दोन शब्दांत नाही. तो त्या मुलाच्या हात धुण्यात होता. शीरमाल गोडसर आणि गरम होती. तिचा पहिला तुकडा गिळायला त्याला वेळ लागला.

त्यानंतर उरलेली नावे पाहण्याची निकड राहिली नाही. इदरीसच्या दुकानासमोरून तो गेला, कोळशाच्या धगीवरच्या देगा पाहिल्या, आणि पुढे बडा इमामबाड्याकडे चालत गेला. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून आसफुद्दौलाने ही इमारत बांधावयास काढली. हजारो मजुरांसाठी मोठ्या देगांत अन्न घालून, झाकणे कणकेने बंद करून, मंद आचेवर ठेवले जाई. त्यातून दम देण्याची पद्धत निघाली, अशी कथा लखनौत सांगतात. वाफ कोंडून शिजविणे हे त्याआधीही माणसाला ठाऊक असणारच, तेव्हा इतिहास म्हणून ही कथा तपासली तर कदाचित टिकणार नाही. पण एखादे शहर स्वतःविषयी कोणती कथा सांगते, यालाही अर्थ असतो. आपल्या सर्वात श्रीमंत अन्नाचा उगम लखनौने राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दाखविला नाही. दुष्काळातल्या मजुरांच्या देगेत दाखविला. रुचीची वंशावळ भुकेपर्यंत नेऊन भिडवली. हे मान्य केले, तर चौक आणि चारबाग यांच्यात जे अंतर मानले जाते ते उरत नाही. आज चौकात जे अभिजात आहे ते एके काळी श्रमिकाचे पोटभरीचे अन्न होते. आज चारबागेत जे पोटभरीचे आहे त्याची कथा अजून कोणी लिहिलेली नाही, एवढाच फरक.

२०२५ साली युनेस्कोने लखनौचा समावेश पाककलेच्या सर्जनशील नगरांत केला. योग्य तो सन्मान झाला. त्यानिमित्ताने जी वर्णने आली त्यांत कबाब, बिर्याणी, शीरमाल, मक्खन-मलाई होतीच, असणारच. स्थानकासमोरच्या बाकाचा उल्लेख त्यांत शोधणे व्यर्थ होय. वाङ्मयेतिहासातही असेच घडते. अभिजात ग्रंथांची यादी तयार होते, आणि लोक प्रत्यक्षात जे वाचून मोठे झाले ते तीत नसते.

परतीच्या दिवशी प्रवासी वेळेआधीच चारबागेस आला. पुष्पकला जाणारी तरुण मुले ट्रंका आणि पोती घेऊन त्याच बाकांवर बसली होती. मुंबईत कोणी रंगकाम करणार होता, कोणी दूध घालणार होता, कोणी टॅक्सी चालविणार होता. त्यांच्या गाडीच्या वाटेवर कल्याण लागते. २००८ साली रेल्वेच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तरेकडील उमेदवारांना त्या भागात मारहाण झाली होती. आपल्या दारात उतरणाऱ्याला आपण काय वाढतो, हा प्रश्न मराठी माणसाने लखनौच्या स्थानकासमोर बसून स्वतःला विचारावा, असे त्यात काहीतरी आहे.

बाकावर एकाने सरकून त्याला जागा दिली. द्रोण आला. पुऱ्या गरम होत्या. भाजी संपताच न मागता पुन्हा वाढली गेली. खाऊन झाल्यावर त्याने खिशातील यादी काढली आणि खाली नववी ओळ लिहिली. दुकानाला पाटी नव्हती, तेव्हा नावाची जागा मोकळी राहिली. तिच्यापुढे त्याने एवढेच लिहिले: पुरी-भाजी, चारबाग, स्थानकासमोर.